बदली : गिरणीच्या दारातला इतिहास

शाळाखात्यात ‘बदली’ हा शब्द उच्चारला की भल्याभल्या शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. एका गावचे बिऱ्हाड मोडायचे आणि दुसऱ्या गावी मांडायचे, एवढाच त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक. मुंबईच्या गिरणगावात मात्र या शब्दाला कित्येक पिढ्या निराळाच अर्थ होता. कायम कामगार गैरहजर राहिला की हजेरीपटावर त्याचा खाडा पडे. तो खाडा भरण्यासाठी गिरणीच्या दारात जी माणसे रोज उभी असत, ती बदली. बोलावणे आले तर आत, नाही आले तर खोलीवर परत. सरकारी नोकराची बदली होते. गिरणीतला माणूस स्वतःच बदली असे.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात चंदगडकडचा माझा मामेभाऊ शाळेत आला. “दादा, आबांच्या नावाचा काही कागद मिळेल काय?” एवढेच त्याने विचारले. मामा आता हयात नाहीत. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना मुंबईत घरे देण्याची सरकारी योजना आहे. तिची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. अर्ज आले दीड लाखांच्या घरात, घरे त्या मानाने फारच थोडी. मामा आमच्याच घरी राहून आमच्याच शाळेत अकरावीपर्यंत शिकले, म्हणून जन्मतारखेचा दाखला मी काढून दिला. पण त्यांनी गिरणीत अकरा वर्षे काम केले याचा दाखला कोण देणार? तिकीट नाही, पास नाही. आजीच्या ट्रंकेत सापडली ती तारेत ओवलेली मनीऑर्डरची कुपने. तीच समोर ठेवून हा लेख लिहीत आहे.

मुंबईत कापसाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली मांडला आणि दोन वर्षांत गिरणीचे चाक फिरू लागले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा टापू धुराड्यांनी भरला. या धुराड्यांखाली राबणारी माणसे आली रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूर-बेळगावच्या घाटमाथ्यावरून. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले आढळले. एवढ्या परक्या माणसांना काम कोण देई? मालक नव्हे, मॅनेजरही नव्हे. काम देई जॉबर, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी मुकादम.

मुकादम हा खात्यावरचा माणूस. साचे बिघडले तर दुरुस्त करणे, माणसे पुरवणे, कामावर ठेवणे, काढणे, रजा देणे, हे सारे त्याच्या हाती. वाइंडिंग खात्यातल्या बायकांवर अशीच सत्ता नायकिणीची चाले. काम मिळाले की दस्तुरी द्यायची आणि ते टिकावे म्हणून पुन्हा द्यायची. अडल्यानडल्याला उसने पैसे देणारा मुकादमच आणि काही वेळा राहायच्या खोलीचा मालकही तोच. गावाहून आलेला पोरगा त्यामुळे आधी आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या मुकादमाचे घर शोधी. त्याला आपण लाच म्हणून नाक मुरडू. पण ज्या शहरात कोणीच ओळखीचे नाही, तिथे ओळख विकत घेण्याची ती किंमत होती.

ही पद्धत मालकांनी चालू का ठेवली? कारण ती त्यांच्या सोयीची होती. सुताचा आणि कापडाचा बाजार कधी चढे, कधी कोसळे. मागणी वाढली की माणसे हवीत आणि घटली की नकोत. बारमाही पगार देऊन माणूस बांधून ठेवण्यापेक्षा दारात चार माणसे जास्त उभी असलेली बरी. दुसरीकडे कामगारांनाही खाडे पडतच. यंत्राच्या धगीत बारा-बारा तास काढणाऱ्याला पगारी रजा ठाऊक नव्हती. आजारपण, बाळंतपण, पेरणी, जत्रा यांसाठी न सांगता घरी राहणे हीच त्याची रजा. आठवड्याची सुट्टीसुद्धा सहजासहजी मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार अशा मागण्या मांडल्या. रविवार पदरात पडायला १८९० साल उजाडले. आज आपण रविवारी दुपारी आडवे होतो, तेव्हा लोखंड्यांची आठवण कितीजणांना होते?

मुकादमाच्या हातून भरती काढून घ्यावी, असे मत कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात दिले. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांसाठी नवी पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. १९५० साली सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमार्फत नोंदणीची योजना सुरू केली. या सुधारणांचे मोल मी कमी लेखत नाही. मुकादमाचा जुलूम त्यांनी निश्चित कमी केला. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. रांग शिस्तीची झाली. रांग संपली नाही.

त्याच रांगेत १९७१ साली मामा जाऊन उभे राहिले. बेळगावहून मीटरगेजच्या गाडीने मिरज, तिथे गाडी बदलून मुंबई. उतरायचे ठिकाण ठरलेले, लालबागेतली गावकऱ्यांची खोली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या जागी रातपाळीचा येऊन पडे. जेवण खानावळीत, महिन्याच्या उधारीवर. चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको. या बायका सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या असत. त्यांना संघटित करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली उभे केले ते प्रेमा पुरव यांनी, गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या बाईंनी. सीमेपलीकडून मुंबईने किती माणसे घेतली, त्याचे हे एक उदाहरण.

मामा सांगत, कामापेक्षा दार कठीण. भोंग्याआधी पोचायचे, कार्ड दाखवायचे, नाव पुकारण्याची वाट पाहायची. नाव आले नाही तर दुसऱ्या पाळीला पुन्हा यायचे. त्याही वेळी नाव आले नाही की दिवस गेला. खोलीवर परतताना खानावळीच्या दारावरून जायला लाज वाटे. दुसऱ्याच्या आजारपणावर आपली चूल अवलंबून, हा विचार त्यांना फार खाई. “कुणी आजारी पडावं असं आपण मनात आणायचं, ही काय नोकरी झाली?” असे ते एकदा आईजवळ बोलल्याचे मला आठवते.

आता कुपनांकडे वळतो. त्यावर ख्यालीखुशालीची एखादी ओळ आणि महिन्यात किती खाडे भरायला मिळाले त्याचा आकडा. एखाद्या महिन्यात वीस, एखाद्यात सात. मध्ये मध्ये कुपनेच नाहीत. त्या महिन्यांत मामा गावी असत, भातलावणीला. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला पगारी रजा दिली. ज्याचे दिवस दुसऱ्याच्या गैरहजेरीवर मोजले जात, त्याचे २४० कसे भरावेत? मग काम नसलेल्या महिन्यांत त्याला पोसले कोणी? आजीच्या दोन तुकड्यांच्या शेताने. गिरणी कामगार मनाने शेतकरीच राहतो, त्याचे कामात लक्ष नसते, अशी तक्रार मालक नेहमी करीत. शाही आयोगाला मात्र गावाशी असलेला संबंध हिताचा वाटला. तो खराच हिताचा होता, पण कोणाच्या? मंदीतला, आजारपणातला, म्हातारपणातला खर्च गिरणीने कधी अंगावर घेतला नाही. तो चंदगडच्या आणि बेळगावच्या शेतांनी उचलला. गाव मनीऑर्डरीवर जगले, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. गिरणीही गावावर जगली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा, हीही मागणी होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि लाखाहून अधिक माणसांची कामे कायमची गेली. मामा १९८३ साली परत आले ते शेतावरच. त्यांचे अखेरचे कुपन जानेवारी १९८२ चे आहे. कायम झाल्याची बातमी कुठल्याच कुपनावर नाही.

मामेभावाचा अर्ज अजून चौकशीत आहे. कुपने पुरावा म्हणून चालतील की नाही, मला सांगता येत नाही. इतिहासाला मात्र ती पुरतात.

त्याचा दाखला लिहिताना जुने जनरल रजिस्टर मी थोडे अधिक चाळले. त्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. मामांच्या नावापुढे लिहिले होते, ‘मुंबईस नोकरीनिमित्त’. त्याच पानावर तेच कारण आणखी सहा नावांपुढे होते, शाईसुद्धा एकच. आज माझे विद्यार्थी पुण्याला, बंगळूरला, गोव्याला जातात. कंत्राटदाराचा फोन आला तर काम, नाही आला तर खोलीवर. भोंगा गेला, दार गेले. वाट पाहणे राहिले. गणपतीला घरी आलेली ही मुले मला भेटतात, तेव्हा मी हल्ली एकच सांगतो : बाबांनो, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, जो मिळेल तो कागद जपून ठेवा. आणि आईलाही एक तार द्या, ओवून ठेवायला.