रान गेलं, बुंधे उरले

पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज आज विद्यापीठाचं गाव म्हणून ओळखलं जातं. पण इथली वस्ती जमली ती लोखंडाच्या भट्टीमुळे. १७९१ साली कर्नल जॉन पॅटन आणि कर्नल सॅम्युएल माइल्स यांनी 'सेंटर फर्नेस' उभारली. खनिज जवळपास मिळत होतं, चुनखडी होती आणि इंधनासाठी चहूबाजूंना रान. भट्टी चाले लाकडी कोळशावर, आणि अशा एका भट्टीला दिवसाकाठी सुमारे एक एकर जंगल लागे. झाडं तोडायची, ओंडके रचून मातीनं लिंपायचे, आतल्या आत धुमसू द्यायचे. तयार कोळसा गाड्या भरून भट्टीवर जाई. रानात बुंधे राहत.

कोळसा वाळवीच्या काही कामाचा नाही. तिला सेल्युलोज हवं, ते जळून गेलेलं असतं. बुंध्यात मात्र ते भरपूर. शिवाय बुंधा मातीत रुतलेला, ओलसर आणि बुरशीनं मऊ पडलेला. अमेरिकेच्या पूर्व भागातली वाळवी, रेटिक्युलिटर्मेस फ्लॅव्हिपेस, नेमकं असंच लाकूड शोधते. १९६१ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एका विशिष्ट बुरशीनं कुजवलेल्या लाकडाकडे ती ओढली जाते. खाताना ती लाकडाच्या रेषेनं जाते. वसंतात वाढलेला मऊ थर पोखरते आणि उन्हाळ्यातला टणक थर बराचसा सोडून देते. म्हणूनच पोखरलेली तुळई वरून धडधाकट दिसते.

भट्टीचे एक मालक जेम्स आयर्विन यांनी १८५५ साली नव्या शेतकी शाळेला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मूळ संस्थेला, २०० एकर जमीन देऊ केली. शाळा १८५९ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी भट्टी थंडावली होती. विद्यार्थ्यांना रोज तीन तास अंगमेहनत सक्तीची होती. जमीन साफ करणं आणि बुंधे उपटणं हे त्या मेहनतीतलं मोठं काम. नांगरापुढचा अडथळा काढायचा, एवढाच त्यामागचा हेतू. पण पुढे या गावात लाकडी घरं उभी राहणार होती, आणि घराच्या पायाखाली बुंधा राहिला तर वाळवीला वर चढायला वाट मिळते, हे आज पेनसिल्व्हेनियातला प्रत्येक कीडनियंत्रक सांगतो.

या किड्याचं नाव मात्र युरोपातून आलं. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यातल्या काचघरांत तो सापडला आणि १८३७ साली व्हिन्सेन्झ कोलर यांनी त्याचं वर्णन केलं. अमेरिकेतून आणलेल्या झाडांबरोबर तो तिथवर पोचला होता.

तो लाकूड पचवतो कसा, याचा पहिला धागा पेनसिल्व्हेनियातच हाती लागला. फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी १८७७ साली वाळवीचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं, तर त्यात एकपेशीय जीवांची झुंबड. त्यांनी या जीवांना परजीवी मानलं. या जीवांचं खरं मोल १९२० च्या दशकात लेम्युएल क्लीव्हलंड यांनी दाखवलं. उष्णता देऊन त्यांनी ते जीव मारले, आणि वाळवी लाकूड खात असूनही काही आठवड्यांत उपाशी मेली. कात टाकताना प्रत्येक वाळवी हे पाहुणे गमावते आणि बहिणभावंडांकडून पुन्हा मिळवते. आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी वेगळी. ती पालापाचोळा गोळा करून त्यावर बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते. स्टेट कॉलेजची वाळवी वारूळ बांधत नाही. ती जमिनीखाली राहते आणि मातीच्या नळ्या लिंपत भिंतीवर चढते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं वाळवी मारण्यासाठी घराच्या पायाभोवतीच्या मातीत क्लोरडेन ओतला जाई. तो दशकानुदशकं टिकतो, आणि घरातली माणसंही त्याच्याच हवेत श्वास घेत. १९८८ साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली. १९९५ च्या सुमारास सेल्युलोजमध्ये कात टाकू न देणारं औषध मिसळलेली आमिषं बाजारात आली. कामकरी वाळवी ते खाते, तोंडातून इतरांना भरवते आणि औषध अख्ख्या वसाहतीत पोचतं. औषधाचा परिणाम मुद्दाम सावकाश ठेवलेला असतो, कारण वाटेतच मेलेली वाळवी घास पुढे नेत नाही.