डॉक्टर, मंत्री, बंडखोर

सुदानच्या पश्चिमेला दारफुर. तिथल्या झघावा जमातीतले खलील इब्राहिम पेशाने डॉक्टर. १९८९ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा ते त्या इस्लामवादी राजवटीचे समर्थक होते. पुढे उत्तर दारफुरमध्ये मंत्रीही झाले. म्हणजे गडी आतल्या गोटातला!

मग बिनसलं कुठे? मे २००० मध्ये खार्टूममध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदींबाहेर एका निनावी पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या. नाव 'काळं पुस्तक'. १९५६ च्या स्वातंत्र्यापासून कुठल्या भागातले किती मंत्री झाले, याचा चक्क हिशेब मांडलेला. निष्कर्ष असा, की सत्ता उत्तरेतल्या मूठभरांकडेच राहिली. यामागे खलील यांचेच साथीदार होते.

२००३ मध्ये त्यांच्या 'न्याय आणि समता चळवळी'नेही शस्त्रं उचलली. उत्तरादाखल सरकारने जंजावीद टोळ्या मोकाट सोडल्या. गावंच्या गावं जळाली, लाखो माणसं मेली. मे २००८ मध्ये खलील यांचे लढवय्ये वाळवंट तुडवत थेट राजधानीलगतच्या ओमदुरमानमध्ये घुसले, पण मागे रेटले गेले. डिसेंबर २०११ मध्ये हवाई हल्ल्यात खलील ठार झाले.

हिशेब खरा होता, म्हणून बंदूकही बरोबर ठरते का? मला नाही तसं वाटत. पण कागदावरची तक्रार राज्यकर्त्यांनी वेळीच वाचली असती तर?

२०२१ मध्ये त्यांचे भाऊ जिब्रील अर्थमंत्री झाले. आणि जंजावीदांतूनच उभ्या राहिलेल्या फौजेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफुरचं अल-फाशर घेतलं, कत्तल केली. घरात खुर्ची आली. दारफुरला न्याय काही मिळाला नाही.