सस्पेन्स खात्यातली पद्मिनी

मी बी. कॉम. आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं इंजिनाबद्दल जे काही लिहीन, ते वाचताना कुणी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी कळतात : नावे आणि जमा. गाडीच्या भाषेत पेट्रोल नावे, किलोमीटर जमा. आमच्या पद्मिनीचा ताळेबंद गेली काही वर्षं एकाच बाजूनं लिहिला जात होता.

ही गाडी आणि मी एका वयाचे म्हणायला हरकत नाही. माझा जन्म १९७९ चा आणि त्याच वर्षी बाबांनी गाडी बुक केली. नऊ महिन्यांत मी आलो. गाडीला पाच वर्षं लागली. परमिट-लायसनचे दिवस होते ते. पैसे भरून माणूस वाट बघत बसे. मी रांगलो, चाललो, बोललो, बालवाडीत रडलो, आणि १९८४ साली एकदाची ती आली. तेव्हा डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आलेली होती. त्यामुळं आमच्या नवीन गाडीकडं शेजारी पहिल्या दिवसापासून जुनी म्हणूनच बघू लागले.

तिची कुळकथा मात्र मोठी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. फियाट ११०० ही इटालियन मुलगी कुर्ल्याला नांदायला आली आणि १९७४ साली तिचं नाव बदलून पद्मिनी ठेवलं. आपल्याकडं लग्नानंतर नाव बदलतातच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला गिअर आणि सकाळी ओढायचा चोक, एवढ्या भांडवलावर तिनं मुंबईची काळीपिवळी होऊन लाखोंचा संसार केला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आले. बाबांनी तो पेपर नीट घडी करून ठेवला आणि चष्मा पुसला. चष्मा मळलेला नव्हता.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून बाबा बोलायचेच कमी झाले. सगळ्याला उत्तर एकच, "हूं." अशात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. गाडी तर ठाण्याहून निघून मुलुंड चेकनाक्यापर्यंतही जाईना. पंधरा मिनिटं मजेत चाले आणि मग आचके देत बंद. सौभाग्यवती म्हणाली, "भंगारवाला रविवारी येऊन बघून जाईल म्हणतोय." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुझी मर्जी." पंचेचाळीस वर्षांत बाबांनी कुठलीही गोष्ट माझ्या मर्जीवर सोडलेली नव्हती. मी घाबरलो. भंगारवाल्याला महिनाभर थांब म्हटलं आणि बॉनेट उघडलं.

वाचकहो, स्वतः गाडी दुरुस्त करण्याची परंपरा मेकॅनिकपेक्षा जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. बाई माहेरी पोचली. माहेरच्या ओढीपुढं यंत्राचं काय चालणार!

पण गंमत बघा. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात दोन दुखणी निघाली : एक इंधनाचं, एक ठिणगीचं. शंभरावर वर्षं उलटली, तरी पेट्रोलची जुनी गाडी अचानक बंद पडली की संशयित बहुधा हेच दोघे.

मी इंधनाला पकडलं. उन्हाळा होता. पद्मिनीवाल्या कुणालाही विचारा, तो सांगेल : व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा गिळत बसतो. उपाय, ओलं फडकं. मी पंपावर ओलं फडकं टाकलं, चहा प्यायलो, वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू! मी विजयी मुद्रेनं वर जाऊन बाबांना सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. फडकं, चहा, सुरू. पंधरा मिनिटांनी पुन्हा बंद.

तिसऱ्या रविवारी बाबा "हूं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "फडकं टाकल्याबरोबर सुरू झाली, की वीस मिनिटांनी?"

"वीस मिनिटांनी."

"मग फडक्यानं केली की वीस मिनिटांनी केली?"

मी गप्प. आमच्या हिशेबात फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळवतात. मी गाडीचा रोग तीन रविवार त्या फडक्याखाली, सस्पेन्स खात्यात ठेवला होता.

"आणि पेशंट बरा झाल्यावर कसला तपासतोस?" बाबा म्हणाले. "बंद पडली की पहिल्या दोन मिनिटांत बघायचं. चल." आणि कित्येक महिन्यांनी ते जिना उतरले.

अंगणातच इंजिन चालू ठेवलं. तापलं, आचके दिले, बंद. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून मी बाटलीत धरली. बाबांनी किल्ली फिरवली. पेट्रोल उड्या मारत बाटलीत आलं. म्हणजे इंधन निर्दोष. नळी जोडली, बाटली लांब नेऊन ठेवली. मग जादा प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. पुन्हा किल्ली. ठिणगी नाही.

"कॉइलला हात लाव," बाबा आतूनच म्हणाले. लावला आणि लगेच काढला. बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला पाठवणारा तो डबा कढईसारखा तापला होता. तेच फडकं पिळून मी कॉइलच्या अंगाला गुंडाळलं. थोड्या वेळानं किल्ली फिरवली, तर प्लगच्या तोंडाशी निळी ठिणगी! बाकी कशालाही हात लावला नव्हता. आतल्या तारा तापल्या की दगा देत होत्या. माझं फडकं बरोबर होतं, फक्त चुकीच्या खात्यात जमा झालं होतं.

नवी कॉइल आणायला कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. गाडीचं माहेरच ते. येताना उगाचच मलाही तिला माहेरी आणल्यासारखं वाटलं.

नूतनीकरण झालं, पाच वर्षांचं. कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तारीख वाचली.

"पाच वर्षं? माझं इतकं करून देणारं आरटीओ कुठं आहे?"

मी हसलो नाही. तेच हसले. मग म्हणाले, "रविवारी चेकनाक्यापर्यंत जाऊन येऊ. तुझ्या आईला त्या बाजूची भाजी आवडायची."

भंगारवाल्याला फोन मीच केला. तो म्हणाला, "साहेब, भाव उतरेल हं पुढं." म्हटलं, उतरू दे. आमच्याकडं ती आता मालमत्तेच्या बाजूला आहे.