स्पॅनिश वर्णमाला आणि इंग्रजी भाषकांचे उच्चार

स्पॅनिश वर्णमाला ही रोमन लिपीतील २७ अक्षरांची वर्णमाला आहे. इंग्रजीची सर्व २६ अक्षरे तीत असून माथ्यावर नागमोडी रेघ असलेले 'एन्ये' हे एक अक्षर अधिक आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'च' आणि 'य' या ध्वनींसाठी लिहिल्या जाणाऱ्या दोन जोडाक्षरांसह ही संख्या २९ आढळते. शब्दकोशातील त्यांचे स्वतंत्र विभाग १९९४ च्या निर्णयाने बंद झाले आणि २०१० च्या अधिकृत लेखनसंहितेने त्यांना वर्णमालेतून वगळले.

अक्षरांचे आकार परिचित असल्यामुळे इंग्रजी भाषकाला ही वर्णमाला सोपी वाटते; प्रत्यक्षात हा परिचयच त्याच्या बहुतेक उच्चारदोषांचे मूळ आहे. अक्षर दिसताच त्याचा इंग्रजी उच्चार जिभेवर येतो. वास्तविक स्पॅनिश लेखन बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने थोडे नियम ठाऊक असले, तरी अनोळखी शब्दही अचूक वाचता येतो.

स्वर

आ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर आहेत आणि शब्दात कोठेही आले तरी ते बदलत नाहीत. इंग्रजीत आघात नसलेला स्वर पुसट 'अ'कडे झुकतो. स्पॅनिशमध्ये तसे होत नाही. 'बानाना' या शब्दातील तिन्ही 'आ' सारखेच स्पष्ट उच्चारावे लागतात. इंग्रजी 'नो' शेवटी 'उ'कडे घसरतो, तर स्पॅनिश 'नो' ओठ न हलवता जागीच संपतो. शिकणाऱ्याने व्यंजनांपूर्वी स्वरांवर मेहनत घेणे हिताचे, कारण परकेपणा प्रथम येथेच ऐकू येतो.

व्यंजने

इंग्रजीत शब्दारंभीच्या प, ट, क यांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. स्पॅनिशमध्ये तो नसतो. शिवाय स्पॅनिश 'त' दंत्य आहे. दोन स्वरांमधील 'द' इतका सैल होतो की जीभ दातांना जेमतेम स्पर्श करते. 'बे' व 'उवे' (इंग्रजी 'बी' व 'व्ही') या अक्षरांचा उच्चार एकच असल्याने स्पॅनिश मुलेही शुद्धलेखनात येथे चुकतात. 'आचे' (इंग्रजी 'एच') मूक असते, म्हणून 'हॉटेल'चे 'ओतेल' होते.

'र'चे दोन प्रकार अर्थभेदक आहेत. 'पेरो' म्हणजे परंतु. हाच 'र' जीभ थरथरवून लांबवला की 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. अमेरिकी माणूस इंग्रजी 'वॉटर' म्हणताना मधले व्यंजन ज्या झटक्याने उच्चारतो, तो पहिल्या 'र'च्या अगदी जवळचा आहे. दुसऱ्याला मात्र सरावावाचून पर्याय नाही. शब्दारंभीही तोच येतो.

'एन्ये'वरील रेघ म्हणजे मध्ययुगीन लेखनिकांनी दुहेरी 'न' वाचवण्यासाठी वर काढलेली खूण होय. ती गाळल्यास 'आन्यो' (वर्ष) या शब्दाचा 'आनो' (गुदद्वार) होतो. स्पॅनिशमध्ये वय 'माझ्याजवळ इतकी वर्षे आहेत' अशा रचनेने सांगतात, त्यामुळे ही चूक पहिल्याच ओळखीत घडू शकते.

'सेता' (इंग्रजी 'झेड') हे अक्षर मध्य व उत्तर स्पेनमध्ये इंग्रजी 'थिंक'मधील आद्य ध्वनीसारखे, तर लॅटिन अमेरिकेत 'स' असे उच्चारतात. दोन्ही शिष्टसंमत आहेत; सरमिसळ तेवढी टाळावी. रस्ता या अर्थाचा 'काये' हा शब्द ब्वेनोस आइरेसमध्ये 'काशे' असा ऐकू येतो.

होता आणि एकिस

इंग्रजी 'जे'सारख्या अक्षराचे स्पॅनिश नाव 'होता'. त्याचा घर्षक ध्वनी उत्तर स्पेनमध्ये खरखरीत, तर कॅरिबियन प्रदेशात मृदू 'ह'सारखा असतो. सेर्व्हान्तेसच्या काळापर्यंत 'एकिस' (इंग्रजी 'एक्स') हे अक्षर 'श'सदृश ध्वनीसाठी वापरात होते. पुढे तो ध्वनी घशाकडे सरकला आणि १८१५ च्या लेखनसुधारणेने त्याच्यासाठी 'होता' निश्चित केले. 'दोन किहोते'चे स्पॅनिश लेखन बदलले, मात्र इंग्रजीने जुने अक्षर ठेवून 'क्विक्सॉटिक' हे विशेषण घडवले. मेक्सिकोनेही आपल्या नावातील जुने अक्षर सोडले नाही. उच्चार मात्र 'मेहिको' असाच होतो.

आघात

स्वरान्त, तसेच 'न' किंवा 'स' यांनी संपणाऱ्या शब्दांत उपान्त्य अवयवावर, इतरत्र अन्त्य अवयवावर आघात येतो. अपवाद तिरप्या रेघेने दाखवतात. 'आब्लो'तील पहिल्या स्वरावर जोर दिल्यास 'मी बोलतो', दुसऱ्यावर दिल्यास 'तो बोलला' असा अर्थ होतो.

मराठी भाषकांच्या दृष्टीने

दंत्य 'त', अल्पप्राण 'प' व 'क' आणि 'न्य' हे ध्वनी मराठी भाषकाला उपजतच अवगत असतात. तरीही इंग्रजीच्या माध्यमातून शिकताना तो इंग्रजी भाषकाचेच दोष उचलतो. मराठीत रूढ असलेले 'होजे' हे लेखन याचे उदाहरण आहे. स्पॅनिशमध्ये या नावाचा उच्चार 'होसे' असा आहे.