घरी येऊन मेलेला शिपाई कुणाच्या यादीत?

मागच्या लेखावर एका वाचकाने विचारलं होतं, "संशोधनाचा प्रश्न नेमका सापडतो कुठे?" माझं उत्तर असं की, तो बऱ्याचदा एखाद्या यादीच्या बाहेर सापडतो. यादीत कोण आहे हे सगळेच बघतात. यादीत कोण नाही आणि का नाही, हे विचारायला लागलो की काम सुरू होतं. आज अशाच एका यादीबद्दल.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसं गेली, त्यातली सत्तर हजारांहून जास्त मेली. हे आकडे आपण स्पर्धा परीक्षांसाठी पाठ करतो. पण यात "मेली" म्हणजे कधी आणि कुठे? फ्रान्समध्ये गोळी लागून मेलेला यात धरलाय हे नक्की. पण जो आजारी पडला, ज्याला डॉक्टरांच्या मंडळाने "सेवेस अपात्र" ठरवून घरी पाठवलं आणि जो सहा महिन्यांनी आपल्या ओसरीवर खोकत खोकत गेला, तो कुणाचा? सैन्याचा, की नुसता गावाचा?

नियम काय सांगतो

ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांची स्मृती राखायला २१ मे १९१७ रोजी इम्पिरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ते हेच. पहिल्या महायुद्धासाठी त्यांनी ठरवलेली मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. या काळात नोकरीत असताना जो मेला, तो कशानेही मेला तरी यादीत येतो. ताप, अपघात, आत्महत्या, काहीही.

नोकरीतून सुटल्यावर मेलेल्यांसाठी मात्र एक जादा अट आहे. मृत्यू याच मुदतीतला हवा, आणि तो लष्करी सेवेमुळे झालेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या दुखण्याने झालेला हवा. म्हणजे नोकरीतल्या माणसाबद्दल प्रश्न एकच, कधी मेला? घरी पाठवलेल्याबद्दल प्रश्न दोन, कधी मेला आणि कशाने मेला?

नियम वाचायला रास्त वाटतो. कुणाचा धर्म, वंश, हुद्दा त्यात कुठे येत नाही. गंमत पुढे आहे.

ब्रिटनमध्ये हा नियम कसा चालतो ते आधी बघू. तिथे मृत्यूचा दाखला असतो आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं. जखम किंवा आजारामुळे सुटलेल्यांना सप्टेंबर १९१६ पासून चांदीचा बिल्ला मिळत होता, त्याच्या याद्या आहेत. पेन्शनच्या नोंदी आहेत. दाखल्यावर "क्षय" आणि सुटकेच्या कागदावरही "क्षय" असेल, तर दुवा जुळला. "इन फ्रॉम द कोल्ड" नावाच्या प्रकल्पातले स्वयंसेवक वर्षानुवर्षं हेच जुळवत बसलेत आणि यादीबाहेर राहिलेली हजारो नावं त्यांनी आत आणली. शंभर वर्षांनी एखाद्याच्या थडग्यावर अधिकृत दगड बसतो तो असा.

आता हाच नियम कड्याला आणू

समजा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या कड्याचा एक शिपाई आहे. (हा माणूस मी कल्पनेतला घेतलाय, त्याच्याभोवतीची परिस्थिती खरी आहे.) आज नगर-आष्टी रेल्वेवर कडा स्टेशन आहे, पण त्या वेळी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. तिथे ब्रिटिशांची छावणी. कडेकपारीतल्या पोरांना बीडपेक्षा नगरच जवळचं, त्यामुळे हा तिकडे जाऊन भरती झाला असं धरू. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

त्याला मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवलं. तिथे जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा गावात अडकली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, भाजीपाला नाही, घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी शिपायांनी बरेच महिने नकार दिला. त्यातून स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा भरून यायच्या नाहीत. शरणागतीनंतर हजाराहून जास्त आजारी-जखमी माणसांची तुर्कांशी अदलाबदल होऊन ती परत आली. बाकीचे कैदेत गेले आणि त्यातले पुष्कळ वाटेतच मेले.

आपला शिपाई परत आलेल्यांत आहे. मुंबईला उतरला, इस्पितळात राहिला, अपात्र ठरला, गावी आला. आणि काही वर्षांनी गेला.

त्याचं नाव यादीत घालायचं तर काय काय सिद्ध करावं लागेल?

पहिलं, मृत्यूची तारीख. त्या काळी निजाम हद्दीतला सरकारी कारभार उर्दूत आणि फसली सनात चालायचा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन मिळतं. १३३० फसली म्हणजे ऑक्टोबर १९२० ते ऑक्टोबर १९२१. कमिशनची मुदत संपते ३१ ऑगस्ट १९२१ ला. म्हणजे एखाद्या कागदावर नुसतं "सन १३३० फसली" असेल, तर माणूस मुदतीच्या आत गेला की बाहेर, हेच कळत नाही. लंडनमध्ये ठरलेली तारीख आणि हैदराबादची दप्तराची पद्धत यांच्या फटीत एक नाव असं पडतं.

दुसरं, मृत्यूचं कारण. इथे शेजारचा ब्रिटिश मुलूखसुद्धा फारसा बरा नव्हता. मुंबई इलाख्यात गावातले जन्म-मृत्यू नोंदले जात. ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो तो गाव नमुना १४. पण कारणाचे रकाने मोजकेच: कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. नोंद करणारा डॉक्टर नव्हे, गावकामगार. त्यामुळे मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं "ताप" या एका शब्दात जाऊन बसलं. आता "ताप" या शब्दावरून तो मेसोपोटेमियातून आणलेला ताप होता की गावातला, हे कोण सांगणार?

तिसरं, सुटकेचा कागद. तो घरातच असणार. पत्र्याच्या पेटीत, उंदीर आणि पावसाच्या हवाली.

म्हणजे बघा, नियम दोघांना एकच. पण तो पुरा करायला जे कागद लागतात ते एका देशात सरकारने सांभाळले, दुसऱ्या देशात विधवेने सांभाळायचे होते. यालाच मी माझ्या कामात "पुराव्याची विषमता" म्हणते. भेदभाव करायला नियमात भेदभावाचा शब्द लागत नाही, कागद नसले की पुरतं.

नोकरीत मेले त्यांचं तरी काय?

इथे कुणी म्हणेल, घरी मेलेल्यांचं सोडा, रणात मेलेल्यांची नावं तरी नीट कोरलीत का? प्रश्न बरोबर आहे. १९२९ साली उभारलेल्या बसरा स्मारकाच्या फलकांवर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे आहेत. इंडिया गेट (१९३१) सत्तर हजारांचं स्मारक म्हणून ओळखलं जातं, प्रत्यक्षात त्यावर नावं तेरा हजारांच्या आसपास.

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच इतिहासाचा अहवाल काढला आणि माफी मागितली. ४५ ते ५४ हजार लोकांची स्मृती असमान पद्धतीने राखली गेली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावानिशी किंवा मुळीच राखली गेली नाही, असं त्यात आहे. यात मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक आहेत.

आपल्याकडे गावागावांत संगमरवरी पाट्याही लावल्या होत्या. "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले" अशा धर्तीच्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचा स्तंभ प्रसिद्ध आहे, तिथले ४६ जण त्या युद्धात गेले. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर जाऊन बघा आणि एकच गोष्ट विचारा: "इतके गेले" आणि "इतके मेले" यांच्या वजाबाकीत जे उरतात, ते सगळे धडधाकट परतले होते का? पाटीच्या हिशेबात घरी येऊन मेलेला शिपाई जिवंतांत मोडतो.

सगळा दोष साहेबावर ढकलायचंही कारण नाही. आपल्या शिवारातले वीरगळ बघा. त्यावर लढणारा, पडणारा, अप्सरांनी वर नेलेला वीर असतो. खाटेवर मेलेल्यासाठी दगड घडवायची रीत आपलीही नव्हती.

आणि आज?

२५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तेव्हा त्यावर २५,९४२ नावं होती. ती लढाईत आणि लष्करी मोहिमांत कामी आलेल्यांची. सैन्य "बॅटल कॅज्युअल्टी" आणि "फिजिकल कॅज्युअल्टी" असा फरक करतं. "शहीद" हा तर अधिकृत शब्दच नाही, हे सरकारने संसदेतही सांगितलंय.

पेन्शनच्या बाबतीत मात्र एक वेगळी वाट दिसते. १९८२ च्या नियमांतही जुनाच निकष होता, आजार सेवेमुळे झालेला किंवा बळावलेला हवा. पण २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. शब्द तेच, पण पुराव्याचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. कड्याच्या आपल्या शिपायाला हाच न्याय लावून बघा. भरती होताना डॉक्टरने तपासून धडधाकट म्हणूनच घेतला होता ना? मग "ताप" कुठून आला हे त्याच्या बायकोने का सांगावं?

संशोधनासाठी दोन-तीन गोष्टी

हा विषय कुणाला घ्यावासा वाटला तर सुरुवात घरातल्या पदकापासून करा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या काठावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण उठवलेली असते. पदक मोडीत गेलं नसेल तर तो तुमचा पहिला कागद. मग कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, ते फुकट आहे. स्पेलिंग पाच तऱ्हेने करून बघा, "जाधव" काय काय होऊन बसलेला असतो!

नंतर गावाचं दप्तर. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातले मोडी आणि उर्दू कागद कुणबी नोंदींसाठी धुंडाळले गेले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ते कागद बघताना जात हा एकच रकाना बघू नका. मोडी आणि थोडी उर्दू शिका, हा सल्ला मी सगळ्यांनाच देते.

आणि शेवटचं. नाव सापडलं नाही तर "पुरावा नाही" असं लिहून थांबू नका. पुरावा कुणी ठेवायचा होता, तो का ठेवला नाही, हे पण लिहा. कड्याचा शिपाई मी कल्पनेतून घेतला, कारण तसा खरा शिपाई यादीत शोधायची सोयच नियमाने ठेवलेली नाही. तो तुमच्या पणजीच्या आठवणीत असू शकतो. "तिकडून आला तो खोकतच आला" असं कुणी म्हातारं माणूस बोललं, तर तिथेच वही काढा, नाव आणि तारीख घाला. वैद्यकीय दाखला म्हणून ते वाक्य कुठलंही कमिशन घेणार नाही, पण आपल्याला शोध सुरू करायला तेवढं पुष्कळ आहे.