सतरा सप्टेंबरचा फॉरवर्ड आणि गावातलं ग्रंथालय

१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १९४८ सालचे आकडे फिरायला लागतात. एका फॉरवर्डमध्ये फक्त रझाकारांचे अत्याचार असतात, दुसऱ्यात फक्त पोलीस ॲक्शननंतरची कत्तल. आकडा कुठून आला, हे दोन्हींत नसतं. पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) देणाऱ्या मित्रांनो, स्रोत तपासण्याचा सराव इथूनच सुरू करा.

पहिली चाचणी सोपी. मजकुरात ‘१९४८ साली लातूर जिल्ह्यात’ असं लिहिलंय का? लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी लातूर उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात होतं. म्हणून १९५१ च्या जनगणनेत ते उस्मानाबादखाली शोधायचं.

दुसरी चाचणी सनाची. निजामाच्या कागदांवर फसली साल असतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे महिना बघून ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस १३५७ फसलीत येतो.

आता मुख्य आकडा. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात दौरा केला. पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद त्यात आहे. पण हा अंदाज आहे, मोजणी नव्हे; तसंच लिहायचं. आणि हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. कागद बंद राहिला की अफवेला रान मोकळं मिळतं.

इथे ग्रंथालयाचं काम सुरू होतं. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, तेव्हा वाचनालय हीच लोकांची एकत्र यायची जागा होती. आज १९६७ च्या कायद्याखालच्या शासनमान्य ग्रंथालयांत आपण बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेची खुर्ची धरायला जातो. तिथलं संदर्भाचं कपाट उघडा. गॅझेटिअर, स्वातंत्र्यसैनिकाच्या आठवणी आणि जनगणना पुस्तिका एकाच टेबलावर ठेवा. त्या एकमेकांशी जुळणार नाहीत. कुठे आणि का जुळत नाहीत, ते वहीत टिपा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.

आणि तोवर तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका. ज्यांची माणसं गेली ती घरं अजून याच गावांत आहेत.