आधी भिंती, मग सामान

भाड्याच्या घरातल्या भिंती मालकाच्या, आतलं कपाट, भांडीकुंडी, फ्रिज आपला. विम्याच्या धंद्याला मात्र आधी भिंतीच दिसल्या.

सप्टेंबर १६६६मध्ये लंडन जळत होतं. १३,०००हून जास्त घरं गेली. सामान हलवायला लोक गाड्या शोधत धावले आणि गाडीवाल्यांनी तोंडाला येईल ते भाडं मागितलं. सॅम्युअल पेप्स या रोजनिशीकाराने आपली वाइन आणि परमेसान चीज खड्डा करून पुरलं. पुस्तकविक्रेत्यांनी सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात भरलेली पुस्तकं तिथेच खाक झाली. भाडेकरूंची गत त्याहून वाईट. कित्येक करारांत दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवरच होती. म्हणजे घराची राख झाली तरी ते पुन्हा बांधायचं त्यानेच, वर भाडंही चालूच. हे तंटे मिटवायला संसदेला वेगळं न्यायालय नेमावं लागलं.

१६८०च्या सुमारास निकोलस बार्बन याने आगीचा विमा विकायला काढला. हा शिकलेला डॉक्टर, पण पैसा मिळवला घरं बांधून. त्यामुळे विमाही त्याला इमारतींचाच सुचला. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. आतल्या खाटेचा, कपड्यांचा विचार त्यात नव्हता.

तो केला चार्ल्स पोवी याने, १७०८च्या सुमारास. माणूस खटपट्या! अर्ध्या पेनीत पत्रं पोचवण्याचा उद्योग करून त्याने सरकारी टपालाशी पंगा घेतला आणि दंड भरला. पण व्यापारी माल आणि घरातलं सामान यांचा आगीपासून विमा उतरवण्याची त्याची कल्पना टिकली. त्याच्याच धंद्यातून १७१०मध्ये ‘सन फायर ऑफिस’ उभं राहिलं. माझ्या मते भाडेकरूच्या विम्याचा मूळपुरुष बार्बन नव्हे, पोवी.

चोरीचा विमा फार उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. तो रुळवला लॉइड्स या लंडनच्या विमाबाजारातल्या कथबर्ट हीथने. अमेरिकेत १९५०मध्ये आग, चोरी आणि दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी एकाच पॉलिसीत बांधली गेली, तीही घरमालकांसाठी. भाडेकरूचा ‘एचओ-४’ हा नमुना त्याच कुटुंबातला. त्यात भिंती वगळलेल्या, सामान घेतलेलं. पूर आणि भूकंप मात्र बाहेरच.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. भाडेकरूला फक्त सामानापुरती घेता येते आणि तिच्यात पूर, भूकंप दोन्ही धरलेले आहेत. चोरीबाबत मात्र नीट वाचा: आग, पूर अशा विमित घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेलीच चोरी मूळ पॉलिसीत मोडते. कुलूप तोडून झालेल्या एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं, आणि दागिन्यांसाठीही.